आठ ऑगस्टची रजा

सकाळचे सहा वाजायला दहा मिनिटं होती. फोन वाजला आणि तो कोणाचा असणार हे मला उचलण्याआधीच ठाऊक होतं.

"रेडीज, मगदूम बोलतोय. पोट बिघडलंय. आज काय येणं व्हायचं नाही."

"कधीपासून?"

"रात्रीपासनं."

"डॉक्टरकडे जाणार आहात?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता. पोट बिघडलेला माणूस एवढ्या सकाळी काय शिजवतोय, असं माझ्या मनात आलं.

"एका दिवसाचं तर दुखणं," तो म्हणाला. "उद्या येतोच."

"काळजी घ्या," म्हणून मी फोन ठेवला. घरी आणलेला पाळ्यांचा तक्ता उघडला आणि भरत मगदूम या नावापुढे, आठ ऑगस्टच्या चौकोनात, आजारपणाची खूण केली. गेल्या वर्षी याच तारखेला मी हीच खूण केली होती. तेव्हाही पोटच बिघडलं होतं.

ही दोन हजार तेराची गोष्ट. जर्मनीत आउग्सबुर्ग शहराच्या बाहेर यंत्रमागांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. देखभाल विभागातल्या बावीस माणसांच्या पाळ्या लावायच्या आणि रजा मंजूर करायच्या, हे माझं काम. मगदूम त्या बावीस जणांपैकी एक. मूळचा इचलकरंजीचा, मागाच्या आवाजातच वाढलेला, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आणि आमच्याकडचा सगळ्यात चांगला फिटर. एखादं यंत्र का अडलंय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. त्या कारखान्यात मराठी आम्ही दोघंच. तरी आमचं कधी जमलं नाही. तो कामापुरतं बोलायचा. सणाला बोलावलं तर येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

आठ ऑगस्टची भानगड अशी आहे. त्या दिवशी आउग्सबुर्गमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कधीकाळी तिथल्या दोन पंथांत तंटे होते, ते मिटून शांतता झाली, त्याचा हा दिवस. पण ही सुट्टी फक्त त्या एका शहराला, आणि तीही शहराच्या हद्दीच्या आत. आमचा कारखाना हद्दीपासून सव्वा किलोमीटर पलीकडे. त्यामुळे आम्ही राहायचो शहरात, शेजारीपाजारी त्या दिवशी निवांत असायचे आणि आम्ही डबे घेऊन कामावर निघायचो. त्यातही ऑगस्टचे पहिले दोन आठवडे म्हणजे आमच्याकडे उत्पादन बंद. बाकीचा कारखाना रजेवर जायचा आणि देखभालवाले त्याच पंधरवड्यात एकेक यंत्र उघडून साफ करून पुन्हा बसवायचे. या काळात देखभाल विभागात कोणालाही रजा नाही, असा कागद मीच लिहून फलकावर लावला होता.

तक्ता माझ्याकडे आला दोन हजार अकराच्या वसंतात. त्याच वर्षी मगदूमनं आठ ऑगस्टची रजा मागितली होती. कारण म्हणून लिहिलं होतं, खाजगी. मी नामंजूर केली. त्या दिवशी तो कामावर आला, पण दर अर्ध्या तासानं फोन घेऊन बाहेर जात होता. पुढच्या वर्षी त्यानं अर्जच केला नाही. सकाळी फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं.

तेव्हा मी जुने तक्ते काढून पाहिले. माझ्या आधी हे काम विडेमान नावाचा म्हातारा बघायचा. त्याच्या काळात सलग तीन वर्षं मगदूमला आठ ऑगस्टची रजा मिळालेली होती. ऐन साफसफाईच्या दिवसांत, बाकी कोणालाच नाही, फक्त त्याला. या दोघांचं काहीतरी साटंलोटं असणार, असं मी धरून चाललो.

काय साटंलोटं, हे दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात हळूहळू जुळत गेलं. शहराच्या आत आमच्यासारखंच काम करणारा एक नवा कारखाना निघाला होता. ते लोक आमचे फिटर पळवायला बघतात, अशी कुजबुज होती. मगदूमला त्यांच्या माणसाबरोबर ट्रामच्या थांब्यावर बोलताना मी स्वतः पाहिलं होतं. मग मी विचार केला, शहरातले सगळे कारखाने वर्षातून एकदा, ऐन कामाच्या वारी, बंद असतात तो दिवस कोणता? आणि बाहेरच्या फिटरला गुपचूप बोलावून यंत्रं उघडायची, तर ती थांबलेली असताना याहून बरा दिवस कोणता? सात ऑगस्टच्या संध्याकाळी मगदूम कारखान्यातली हत्यारांची छोटी पिशवी खांद्याला लावून घरी जाताना दिसला, तेव्हा माझ्या मनात शंका उरली नाही.

त्याच संध्याकाळी मी फ्राऊ केस्लरकडे, म्हणजे केस्लरबाईंकडे, गेलो. कर्मचाऱ्यांचं सगळं त्या बघायच्या. पन्नाशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई.

"उद्या मगदूम आजारी पडणार आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "असं कसं सांगता?"

मी तक्ते पुढे ठेवले. नव्या कारखान्याचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं.

"आजारी म्हणून घरी राहून दुसरीकडे काम," त्या सावकाश म्हणाल्या. "तसं असेल तर नोकरी त्याच दिवशी जाते, नोटीससुद्धा द्यावी लागत नाही. नोकरी गेली की त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याचं काय होईल, तेही तुम्हाला माहीत असेल." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण हे सगळे अंदाज आहेत, हेर रेडीज." हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत.

"उद्या दुपारपर्यंत मला काम नाही. माझी पाळी दोनची आहे."

"मी तुम्हाला कुठेही जायला सांगितलेलं नाही."

"नाही."

"तुम्ही शहरातच राहता. कोणी कुठे दिसलं, तर तो योगायोग." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मी आता सोमवारीच येणार. तेव्हा भेटू."

तर आठ तारखेच्या सकाळी मगदूमचा फोन ठेवून मी कपडे केले. सुजाता, माझी बायको, स्वयंपाकघरात होती.

"सुट्टीच्या दिवशी एवढ्या लवकर कुठे?"

"आम्हाला कुठली सुट्टी? मगदूम पुन्हा आजारी पडलाय."

"अरे देवा. एकटा माणूस. खिचडी करून देऊ का, जाता जाता नेशील?" मग जरा थांबून म्हणाली, "पुष्पाच्या स्थळाचं त्यांनी अजून हो-नाही कळवलंच नाही. त्यांच्या आईचा परवा मला फोन आला होता. म्हातारी रडत होती रे. एक्केचाळीस वर्षांचा झाला, लग्नाचा विषय काढू देत नाही म्हणाली. काय असेल त्यांच्या मनात?"

पुष्पा म्हणजे सुजाताची मावसबहीण. मी खिचडी नको म्हणून निघालो.

मगदूम राहायचा त्या इमारतीसमोर एक बेकरी होती. तिच्या काचेआड कॉफी घेत बसायचं, असं मी ठरवलं होतं. सुट्टीची बेकरीही बंद असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. मी खाली ओढलेल्या पडद्यापुढे फुटपाथवर उभा राहिलो. रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही, नुसत्या चर्चच्या घंटा. इतक्या मोकळ्या जागी लपून राहणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी ट्रामच्या थांब्यावर जाऊन वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

साडेआठला तो बाहेर आला. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि हातात पितळी डबा. आजारी माणसाची चाल नव्हती ती. तो चालतच निघाला. मी शंभरेक पावलं मागे ठेवून निघालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. माझा तर्क बरोबर निघत होता.

पण नव्या कारखान्याकडे जाणारा पूल आला आणि तो पुलावर चढलाच नाही. उजवीकडे वळून तो एका चार मजली घरापाशी थांबला आणि त्यानं बेल दाबली. दार उघडलं ते नर्सच्या पोशाखातल्या एका जर्मन बाईनं. ती घाईत होती. दोघं दारातच दोन वाक्यं बोलली, तिनं त्याच्या हातात एक जाकीट दिलं आणि सायकलवर बसून निघून गेली.

म्हणजे हे आहे तर, मी मनात म्हटलं. म्हातारी आई तिकडे रडतेय आणि याचं इथे हे चाललंय. मी फोन काढला आणि दाराचा, पिशवीसकट त्याचा, फोटो घेतला.

मग आतून एक मुलगी आली. सात-एक वर्षांची, केस आईसारखे पिवळे, डोळे काळेभोर. तिच्याबरोबर लहानशी लाल सायकल होती, मागच्या चाकाला दोन्हीकडून आधाराची छोटी चाकं लावलेली. दोघं नदीच्या काठाने चालू लागली. मीही चालू लागलो. आता कशाला जातोय, हे मला सांगता आलं नसतं.

काठावर झाडांच्या रांगेतून एक सपाट वाट जाते. तिथे मगदूमनं सायकल उलटी केली, पिशवीतून पाना काढला आणि आधाराची चाकं सोडवायला घेतली. मुलगी त्याच्या खांद्यावर कोपर टेकून बघत उभी. मी एका जाड झाडाआड होतो, वीसेक पावलांवर. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय.

"बाबा, दोन्ही नको. एकच काढ."

"एकच काढली तर तिरकी पळंल की सायकल."

"पळू दे."

"आणि तू पडलीस म्हंजे? धर हे. हरवायचं नाही. कंपनीचं हाय."

ती मराठी बोलत होती. इचलकरंजीची मराठी, त्या जर्मन काठावर, पिवळ्या केसांची ती पोर. मगदूम एवढं बोलतो हे मला पहिल्यांदा कळलं. कारखान्यात सहा महिन्यांत तो जेवढं बोलला नसेल, तेवढं त्या दहा मिनिटांत बोलला.

चाकं निघाली. ती बसली, तो सीट धरून मागे पळू लागला. "सोडू नको हं बाबा." "न्हाई सोडत." आणि माझ्या झाडापाशी येता येता त्यानं सोडली. ती आठ-दहा हात सरळ गेली, मग मागे बघितलं, आणि नेमकी माझ्या पुढ्यात येऊन पडली.

मी काही ठरवायच्या आत तिला उचललं होतं. "लागलं का?" असंही विचारून बसलो होतो. मराठीत.

ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. "बाबा," तिनं मागे हाक मारली, "हे काका आपल्यासारखं बोलतात."

मगदूम पोचला. त्याचा श्वास लागला होता. त्यानं आधी मुलीचा गुडघा पाहिला, खिशातून रुमाल काढून बांधला, तिला पिशवीजवळ बसून डब्यातला शिरा खायला सांगितलं. मग माझ्याकडे वळला.

"घरापासनं मागं हाय का तुम्ही?"

"होय."

"केस्लरबाईंनी पाठवलं?"

"नाही. मीच."

त्यानं मान हलवली, जणू एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. पोरीची आई बिर्गिट आणि तो चार वर्षं एकत्र राहिले, लग्न केलं नाही. पोर, लीना, दोन वर्षांची असताना वेगळे झाले. भांडण नाही. ती इस्पितळात नर्स. शहरात सुट्टी असते त्या दिवशी ती ड्यूटी घेते आणि लीनाला तो सांभाळतो, असं दोघांनी कागदावर सही करून ठरवलेलं. "शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, आज शहरातलं पाळणाघरबी बंद, हिची आई कामावर. पोरीला ठेवू कुठं मी? दोन वर्षांमागं तुम्ही रजा दिली नाही. त्या दिवशी हिची आई हिला वॉर्डात घेऊन गेली. तिथं औषधांच्या खोलीत बसून होती पोर दिवसभर. बिर्गिट म्हणाली, पुन्हा असं झालं तर कागद बदलायचा."

"मग मला सांगायचं होतं. लहान मूल असलेल्या माणसाला रजेत आधी धरावं लागतं. कायदाच आहे. मी नाही म्हणूच शकलो नसतो."

"कारण काय लिहायचं? मुलगी?" तो पहिल्यांदा हसला, बरं न वाटणारं हसू. "तुम्ही घरी वहिनींना सांगणार. वहिनी फोनवर माझ्या आईला. आई शहात्तर वर्षांची हाय, दर पंधरवड्याला पोरी बघतेय माझ्यासाठी. तिला मी समोर बसून सांगणार होतो. ह्या दिवाळीला, त्या दिवाळीला, असं म्हणत सात वर्षं गेली. ते माझं चुकलं. पण ते मी सांगायचं, तुम्ही नव्हं."

"विडेमानला माहीत होतं?"

"न्हाई. त्यानं कधी विचारलंच नाही. दरसाल मागतोय म्हंजे काहीतरी असंल, म्हणायचा, आणि सही करायचा."

लीनानं लांबून विचारलं, काकांना शिरा पाहिजे का. मगदूमनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी नको म्हटलं आणि निघालो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती, सुजातालाही नाही. आमच्या विभागाचा प्रमुख त्या डिसेंबरात निवृत्त होणार होता. त्याच्या जागेसाठी दोन नावं होती, माझं आणि मगदूमचं. कागद मला जमायचे, यंत्रं त्याला. आणि प्रमुख उघडपणे म्हणायचा की यंत्रं जमणारा माणूस कागद शिकू शकतो. मगदूमवरचा माझा संशय कुठून सुरू झाला, आठ ऑगस्टपासून की त्या वाक्यापासून, हे मी तोवर स्वतःला विचारलं नव्हतं. थांब्यावर ट्रामची वाट बघताना मी फोनमधला तो फोटो काढून पाहिला. फोटोत नुसती पिशवी दिसत होती आणि त्याचा धुतलेला शर्ट. मी तो पुसून टाकला.

सोमवारी सकाळी फ्राऊ केस्लर माझी वाटच बघत होत्या.

"काही योगायोग?"

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "मगदूमनं आठ तारखेची रजा माझ्याकडे तोंडी मागितली होती. मी हो म्हटलं होतं आणि तक्त्यात लिहायला विसरलो. आजारपणाची खूण मी चुकून केली. ती काढून रजा लावायची आहे."

त्यांनी तक्ता पुढे ओढून ती खूण पाहिली.

"बुधवारी तुम्ही इथेच बसून वेगळं सांगितलंत."

"हो."

"आणि या पंधरवड्यात कोणालाच रजा नाही, हा कागद तुमच्याच सहीचा आहे."

"हो."

"मग सकाळी फोन कशाला आला होता?"

"आठवण करून द्यायला."

"हेर रेडीज, तुम्ही एक तर बुधवारी खोटं बोललात किंवा आज बोलताय. कधी, ते तुम्ही मला सांगणार नाही."

त्यांनी खण उघडला, कोरा कागद काढला. "मला तुम्हाला लेखी समज द्यावी लागेल. ती फाइलला लागेल. आणि इथून पुढे प्रत्येक महिन्याचा तक्ता आधी माझ्याकडे आणायचा." मग थोड्या हलक्या आवाजात विचारलं, "तो माणूस ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

फाइलला समज लागलेल्या माणसाला प्रमुख करत नाहीत. माझं नाव मागे पडलं. ते मला लागलं, नाही असं नाही. आता मगदूमच होणार, असं मी धरून चाललो, आणि खरं तर त्यात मला एक प्रकारचं बरंही वाटत होतं. वाटलं, तो कधीतरी येईल, दोन शब्द बोलेल, पुढच्या सणाला मुलीला घेऊन येईल. सुजाताला मी काही सांगितलं नव्हतंच. फक्त पुष्पासाठी दुसरीकडे बघ, एवढं म्हटलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी मगदूम माझ्या टेबलापाशी आला. हातात दोन कागद होते. एक राजीनामा. तो केस्लरबाईंना देऊन झाला होता. दुसरा उरलेल्या रजेचा अर्ज, अकरा दिवसांचा, माझ्या सहीसाठी.

"कुठे चाललात?"

"पुलापलीकडं. नव्या कारखान्यात."

म्हणजे ते तरी खरं होतं, असं माझ्या मनात येऊन गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. "थांब्यावर त्यांच्याशी बोलत होता, ते याच्यासाठी?"

"तवा त्यांनी विचारलं होतं, मी नको म्हणलं होतं. आता मीच गेलो विचारायला. साधा फिटर म्हणून घेतायत."

"इथे तुम्ही प्रमुख झाला असता, मगदूम."

"कळलं मला. तुम्ही काय केलं केस्लरबाईंपुढं, तेही कळलं. त्याचे उपकार हायत." तो उभाच होता. मी खुर्ची दाखवली, तो बसला नाही.

"मग जाता कशाला? आता मला सगळं माहीत आहे. दरवर्षी आठ ऑगस्टची रजा तुमची. मी असेपर्यंत कोणी अडवणार नाही."

"ते खरं," तो म्हणाला. त्यानं अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. "पण हितं ती रजा हाय, रेडीज. दरसाल तुमच्याकडं मागाय लागंल. तिकडं सुट्टी हाय. कुणाला मागायची नाही."

मी सही केली. त्यानं कागद नीट घडी करून खिशात ठेवला, मला नमस्कार केला आणि शिफ्टवर गेला.